बिनमालकाचं खातं

तो मला पहिल्यांदा दिसला तो काचेपलीकडे, पावसात भिजताना. आणि त्याला आत न घेणारी मीच होते.

अलमाटीतला मे महिना. डोंगर सकाळीच ढगात गडप झाला होता आणि रस्त्याकडेचे पाट भरून वाहत होते. मी छत्री झटकत आमच्या पूरसूचना केंद्रात शिरले, कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. माझ्यामागून आलेल्या तरुणाने कार्ड टेकवलं तर लाल. त्याने ते शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं... लालच. पहारेकरी चहाला गेलेला. मग त्याने पिशवीतून एक कागद काढून काचेला चिकटवला. कागदावरची शाई माझ्या डोळ्यांदेखत ओघळत होती.

"अल्दियार!" तो काचेतून ओरडला. "क्लाउडच्या सुरक्षेचं काम. आजच रुजू होतोय. उघडा ना!"

"तुमचं नाव यादीत आलेलं नाही."

"यादी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग घाला की!"

"तुम्ही कोण आहात हे कळल्याशिवाय कसं घालू?"

त्याने कपाळावरचे ओले केस मागे सारले. "मीही अठ्ठावीस वर्षं तेच शोधतोय," तो म्हणाला. "तुम्हाला आधी कळलं तर मलाही सांगा."

मला हसू आलं नाही. म्हणजे... आलं, पण मी ते येऊ दिलं नाही. वर जाऊन आस्थापना विभागाला फोन केला, त्यांच्याकडून खात्री करून घेतली, नाव घातलं. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. खाली येऊन दार उघडलं तेव्हा त्याच्या बुटांत पाणी वाजत होतं.

"चाळीस मिनिटं!" तो म्हणाला. "आमच्या कारागांडात एवढ्या वेळात माणसाचं लग्न ठरतं."

माझं नाव सामाल. केंद्रात चारशे माणसं; त्यांतल्या कोणाकडे कुठली किल्ली आहे, कोणाला कुठल्या दालनात, कुठल्या कॉम्प्युटरात शिरता येतं, याची नोंद ठेवणं हे माझं काम. ज्या सिस्टिममध्ये ही नोंद राहते तिला सगळे 'ओळखवही' म्हणतात. हे काम मला चपखल बसतं, कारण मला काळजी करायला कारण लागत नाही. घरातून निघताना मी गॅस तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते, आणि बसमध्ये बसल्यावर वाटतं, खिडकीचं काय?

आणि आमच्या घरात चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत नाही. शेजारणीचं बाळ गोंडस असलं की आई म्हणते, "शी, काय ध्यान आहे!" आणि डाव्या खांद्यावरून तीनदा तुफ-तुफ करते. चांगलं मोठ्याने बोललं की ते कोणीतरी ऐकतं आणि घेऊन जातं, असं आमच्याकडे मानतात. मी शिकलेली आहे, नोकरी करते, क्लाउडबद्दल बोलते. पण जीभ घरचीच.

त्या संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, "ऑफिसात काही नवीन?"

"आलाय एक. भिजलेलं मांजर. कशाच्याही कामाचा दिसत नाही."

बोलून झाल्यावर मीच दचकले. एवढं वाईट मी सहसा कोणाबद्दल पहिल्याच दिवशी बोलत नाही.

काम सोपं वाटत होतं. केंद्राचे सगळे आकडे — नद्यांची पातळी, पाऊस, डोंगरातल्या सरोवरांची मापं — गेल्या वर्षी क्लाउडवर गेले होते. तिथे पहारा द्यायला एक सुरक्षा सेवा घेतली होती. अल्दियार तिला 'राखण' म्हणायचा. राखणीला दिसायचं की कोण काय करतंय. पण तो 'कोण' म्हणजे नेमका कोण, हे तिला ठाऊक नसायचं. ते ओळखवहीला ठाऊक. दोघींची आपसात ओळखच नव्हती. हिवाळ्यात नोकरी सोडून गेलेला एक जण एप्रिलपर्यंत आमच्या क्लाउडवर आत-बाहेर करत होता, आणि ही गोष्ट मंत्रालयाला कळली. हुकूम आला: मे संपायच्या आत दोघींना जोडा.

"म्हणजे आपण दोघींची सोयरीक करायची," अल्दियार म्हणाला.

"जोडणी करायची," मी म्हणाले.

"तेच ते. मुलीकडचे तुम्ही, मुलाकडचा मी."

"दोन्ही मुलीच आहेत. कामाला लागा."

पहिली चाचणी घेतली आणि यादी बघून मी ती पुन्हा मोजली. क्लाउडवरच्या त्रेसष्ट खात्यांना मालकच नव्हता. कोणीतरी कधीतरी उघडली, कशासाठी तरी वापरली, आणि कागदोपत्री ती कोणाचीच नव्हती. नियम स्पष्ट होता: जोडणी होताक्षणी बिनमालकाचं खातं बंद. आणि एकदा बंद झालं की मालक मिळाल्याशिवाय उघडायचं नाही. नियम कडक होता, कारण तो मीच लिहिला होता.

मग आम्ही दोघं मालक शोधत मजल्यामजल्यांवरून हिंडलो. हातात यादी, तोंडात एकच प्रश्न: "हे तुमचं का?" दोन आठवडे! नकाशे करणाऱ्यांकडे दुधाचा चहा, प्रयोगशाळेत तळलेल्या पिठाचे बौरसाक, तळघरातल्या रेडिओवाल्यांकडे पुन्हा चहा. आमच्याकडे चहा न घेता काही विचारता येत नाही, आणि अर्धी पियाली टाकून उठता येत नाही. मी घड्याळ बघायची. अल्दियार मात्र रेडिओवाल्याच्या नातवंडांची नावं विचारत बसायचा, आणि गंमत म्हणजे उठता उठता तिथेच दोन खात्यांचे मालक सापडायचे.

जिन्यात तो खिशातून कुर्त काढून मला द्यायचा. वाळवलेल्या खारट दह्याचे ते खडे त्याची आई कारागांडाहून पाठवते.

"कसा आहे?"

"खारट. दगड आहे नुसता," मी म्हणायची आणि दुसरा मागून घ्यायची.

"दगड आवडतात वाटतं तुम्हाला?"

"दात घासायला बरे पडतात."

तो हसायचा. हसताना त्याचं नाक आणखी रुंद व्हायचं आणि डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. हे मला माहीत होतं, कारण मी बघत होते. जिन्यातली खिडकी गळायची, पायऱ्यांवर पाण्याची तळी साचायची, आणि ती ओलांडताना तो हात पुढे करायचा. मी तो धरायची नाही. पण दरवेळी वाटायचं — आज धरला असता तर? आणि रात्री मी अंथरुणावर जागी पडायची. हा गेला तर? याला कोणी दुसरी आवडत असेल तर? बरं, मीच आवडत असले तर... मग तर आणखीच भीती. हातात काही आलं की ते निसटायची काळजी सुरू होते, आणि मला तर हातात यायच्या आधीच सुरू झाली होती.

माझ्या वरिष्ठ रौशान आपाय, म्हणजे रौशानताई. वय छप्पन्न, चष्मा साखळीला, नजर थेट आरपार. एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"काय गं पोरी, हा अल्दियार कसा आहे?"

"काम करतो, आपाय."

"काम मला दिसतं. मी तुला विचारतेय, कसा आहे?"

माझे कान तापले. आणि जीभ सुटली. "त्याच्यात आहे काय बघण्यासारखं! नाक बटाट्यासारखं. कझाक बोलतो ते अर्धं रशियन. चहाच्या पियाल्या मोजत फिरतो. अगदीच कुचकामी माणूस. गेला तर बरंच होईल." आणि मी डाव्या खांद्यावरून तीनदा तुफ-तुफ केलं. खरंखुरं, मनापासून. कोणी ऐकलं असेल त्याने ऐकून सोडून द्यावं म्हणून.

ऐकलं होतं. वळले तर दार अर्धवट उघडं होतं आणि अल्दियार ट्रेमध्ये तीन पियाल्या घेऊन उभा होता. त्याने ट्रे टेबलावर नीट ठेवला. एकीतलासुद्धा चहा सांडला नाही.

"दुधाचा आहे," तो म्हणाला. "गार होईल." आणि गेला.

रौशान आपायनी चष्मा काढला. "आता धाव ना त्याच्यामागे," त्या म्हणाल्या. मी धावले नाही. धावून काय सांगणार होते? खरं सांगायचं तर चांगलं बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी अगदी सभ्यपणे वागू लागला. माणूस एवढा सभ्य झाला की काही खरं नसतं. कुर्त नाही, जिना नाही, चिठ्ठ्या ईमेलवर. गुरुवारी ओळखवहीत एक ओळ आपोआप उमटली: 'अल्दियार: बदली, अस्ताना कार्यालय. स्वतःच्या विनंतीवरून. सोमवारपासून.'

कोण येतं, कोण जातं, हे केंद्रात सगळ्यात आधी मला कळतं. ही नोकरी चांगली आहे असं मला कोणी सांगितलं होतं?

शुक्रवारपर्यंत बासष्ट खात्यांचे मालक सापडले होते. उरलं एक. त्याचं नाव होतं 'तेझेक'.

"याचा अर्थ?" अल्दियारने विचारलं. रशियन शाळेत शिकलेल्या शहरी मुलाचं कझाक बेताचंच.

"गोवरी. शेणाची."

"खात्याला गोवरी नाव?"

"चाचण्यांच्या कचऱ्यात पडलंय. तिथे सगळी अशीच आहेत. 'टाकाऊ-एक', 'रद्दी', 'नंतर पुसा'..."

"करतं काय?"

"दर पाच मिनिटांनी जागं होतं, कुठेतरी दोन आकडे टाकतं, पुन्हा झोपतं."

एरवी तो म्हणाला असता, 'माझ्यासारखंच.' मी वाट पाहिली. तो म्हणाला, "ठीक आहे. बंद होऊ दे."

मला बरं वाटत नव्हतं. एरवी आम्ही आणखी एक चक्कर मारली असती, सरोवरांची मापं ठेवणाऱ्यांच्या खोलीत आणखी एक पियाली घेतली असती. पण त्याच्याबरोबर शेजारी बसून चहा पिण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि त्याच्यात इच्छा. जोडणी पुढे ढकलूया म्हणून मी रौशान आपायना फोन केला. त्या भाचीच्या लग्नाला ताराझला निघाल्या होत्या. "कारण सांग," त्या म्हणाल्या. "मंत्रालयाला काय कळवू, सामालच्या मनाला हुरहुर लागली आहे? अगं, ती तुला रोजच लागते."

मी सही केली.

शनिवारी सकाळी दहाला जोडणी ठरली होती, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कोणाचं काम अडायला नको. बाहेर दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. मजल्यावर आम्ही दोघंच. तो खिडकीकडे, मी दाराकडे, मध्ये चार टेबलं.

मी यादी वाचली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

दहा वाजून चार मिनिटांनी ओळखवही आणि राखण एकमेकींना भेटल्या. पडद्यावर नावं जुळत गेली, हिरव्या ओळी खाली सरकत गेल्या, आणि तळाशी एक करडी ओळ: 'तेझेक. मालक नाही. बंद.'

"अभिनंदन," अल्दियार पडद्याकडेच बघत म्हणाला. "मुलीकडच्यांचं."

मला रडू येत होतं. मी म्हणाले, "धन्यवाद."

दहा सोळाला फोन वाजला. खालच्या कक्षातला पाळीवरचा अधिकारी होता. "सामाल, वर काही केलंत का? वरचं सरोवर गप्प झालंय. दहा चारनंतर आकडाच नाही."

वरचं सरोवर हिमनदीच्या पायथ्याशी आहे. ते फुटलं तर पाणी आणि धोंडे वीस मिनिटांत खोऱ्यात उतरतात. जूनपासून तिथे राखणदार राहतो. मेमध्ये कोणी नसतं, फक्त माप घेणारं यंत्र असतं.

"अर्धा तास आकडा नाही आला तर नियम माहीत आहे ना?" अधिकारी म्हणाला. "दहा चौतीसला मी भोंगा वाजवणार. चाळीस घरं आणि ते म्हाताऱ्यांचं आरोग्यधाम. या पावसात बाहेर काढायचे सगळे. आणि पाणी खरंच चढत असेल तर तेही मला दिसत नाहीये."

मी फोन ठेवला तेव्हा अल्दियार माझ्या टेबलाशी आला होता. चार टेबलं ओलांडून, तीन दिवसांनी.

"तेझेक," तो म्हणाला. "दर पाच मिनिटांनी दोन आकडे. पातळी आणि पाऊस."

"पण सरोवरांच्या खोलीत म्हणाले होते की त्यांची खाती वेगळी आहेत —"

"जुनी. क्लाउडवर जायच्या आधीची. जोडणी तोडू?"

"तोडून उपयोग नाही. ते खातं मालकाशिवाय उघडणार नाही. मी... मीच तो नियम लिहिलाय." माझे ओठ थरथरत होते. "आणि मालकाने ते कशासाठी आहे हे सांगावं लागतं. एवढं मोलाचं खातं, त्याला गोवरी कोण म्हणेल? ते दुसरंच काही निघालं तर? चुकीचं उघडलं तर?"

"आधी अर्ज उघडा. थरथरत उघडा, पण उघडा."

मी अर्ज उघडला. पहिला रकाना मंजुरी देणाऱ्याचा: पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. मी लिहिलं, सामाल, कुशिकबायची मुलगी. वर खात्याचं नाव होतं, तेझेक. खाली माझ्या वडिलांचं.

हे नाव मी दिवसातून दहादा लिहिते. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

"कुशिक," मी म्हणाले. "अल्दियार, कुशिक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू."

"काय?"

"माझ्या वडिलांचं नाव. 'बाय' हे नुसतं शेपूट. त्यांच्या आधी माझ्या आजीची तीन मुलं गेली. चौथं झालं तेव्हा नाव ठेवलं कुत्र्याचं पिल्लू. म्हणजे मृत्यूने ऐकलं तरी त्याला वाटावं, हे काय न्यायचं? आमच्या गावात एक तेझेकबाय होता. सात बहिणींवर झालेला एकुलता एक." मी उठून उभी राहिले होते. "सगळ्यात लाडकं असतं त्याला सगळ्यात घाणेरडं नाव ठेवतात. दृष्ट लागू नये, कोणी हात लावू नये म्हणून! हे खातं मुकान आगांनीच उघडलं असणार. त्या सरोवरावर तीस वर्षं माप घेतलं त्यांनी. त्यांनी ते कचऱ्यात लपवून ठेवलं आणि निवृत्त झाले."

मुकान आगांना फोन लावला. ते उन्हाळी कुरणावर गेलेले, तिथे फोन लागत नाही. दहा पंचवीस.

"मालक मीच बनतो," अल्दियार म्हणाला. "खातं क्लाउडवरचं, म्हणजे माझ्या विभागाचं; विभागातली दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर. तुम्ही मंजुरी देणाऱ्या, तुम्हाला मालक होता येणार नाही. घाला माझं नाव."

घातलं. लाल ओळ आली. 'ही व्यक्ती सोमवारी केंद्र सोडत आहे. मालकी देता येत नाही.'

आम्ही दोघांनी ती ओळ वाचली. पाऊस खिडकीवर आपटत होता.

"बदलीचा अर्ज मागे घ्यावा लागेल," मी म्हणाले. "तो फक्त... तुम्हालाच घेता येतो." मग घाईघाईने म्हणाले, "आजच्यापुरता. सोमवारी पुन्हा करा. मी अडवणार नाही."

तो माझ्याच खुर्चीत बसला, स्वतःचा अर्ज काढला, 'मागे घ्या' दाबलं. मग थांबला.

"कारण विचारतंय."

"काहीही लिहा."

"काहीही कसं लिहू? खाली सही आहे माझी." दहा एकोणतीस. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता तो सभ्य दिसत नव्हता, फक्त दमलेला दिसत होता. "सामाल, खरं सांगतो. मी थांबलो असतो. पण ज्या माणसाला मी गेलेला बरा वाटतो, त्याच्यासमोर रोज येऊन बसणं मला जमत ना..."

त्याने पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा नावाकडे.

"सगळ्यात लाडकं असतं त्याला," तो हळूच म्हणाला, "काय म्हणालात? सगळ्यात घाणेरडं?"

मी टेबलावरची यादी उलटी करून ठेवली.

"मग नाक बटाट्यासारखं... ते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कुचकामी?"

"अगदीच," मी म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगदीच कुचकामी. भिजलेलं मांजर. एवढा बेकार माणूस मी आख्ख्या अलमाटीत बघितला नाही. बोलणं बेकार, हसणं तर त्याहून बेकार, एक डोळा लहान एक मोठा. तुझा तो कुर्त म्हणजे नुसता दगड. तू गेलास ना, तर मला काही... काही म्हणजे काही वाटणार नाही. मी रोज जिन्यातून एकटी जाईन आणि मला अजिबात —"

"पुरे, पुरे," तो म्हणाला. तो हसत होता. नाक रुंद झालं होतं आणि डावा डोळा बारीक. "एवढी स्तुती मला सोसायची नाही."

त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'इथे गरज आहे.' दाबलं. लाल ओळ गेली. मालक: अल्दियार. मंजुरी: माझी. माझ्या बोटांनी पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा चुकला असता तर मीच बंद झाले असते. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा बरोबर पडला.

दहा एकतीस. तेझेक: चालू.

पण ते दर पाच मिनिटांनीच जागं होणार होतं. आम्ही वाट पाहिली. बत्तीस. मी फोनचा रिसीव्हर हातात धरून होते, पलीकडे अधिकाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तेहतीस. माझ्या मनगटावरचा हात तसाच होता.

"आलं!" अधिकारी ओरडला. "आलं! पातळी कालच्यापेक्षा चार बोटं वर. धोका नाही! देवा रे... तुम्ही दोघं माणसं आहात की कोण?"

मी रिसीव्हर ठेवला आणि खाली फरशीवरच बसले, टेबलाला पाठ टेकून. अल्दियारही शेजारी येऊन बसला. खिशातून कुर्त काढला, अर्धा तोडून मला दिला. तीन दिवस तो त्याच्या खिशातच होता म्हणजे.

"मालकाला खात्याचं वर्णन लिहायचं असतं ना?" त्याने विचारलं. "मी लिहिलंय."

मी मान वर करून पडद्यावर वाचलं. 'टाकाऊ वस्तू. कोणीही हात लावू नये.'

"हे चालणार नाही," मी म्हणाले. "नीट लिहावं लागेल. सरोवर, पातळी, दर पाच मिनिटांनी."

"लिहितो. पण मग तूही नीट सांग." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. मी त्याला मघाशी रडता रडता म्हटलं होतंच. "एकदा. सरळ. हवं तर हळू आवाजात."

मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. खिडकीकडे पाहिलं, तीही बंद. खांद्यावरून मागे पाहिलं.

"तू चांगला आहेस, अल्दियार," मी म्हणाले. "फार चांगला आहेस. तू जाऊ नकोस."

आणि श्वास रोखून बसले. आता काहीतरी तुटणार, पडणार, कोणीतरी ऐकलं असणार. पाऊस पडत होता. तो माझ्याकडे बघत होता. एक क्षण गेला, दोन गेले... आणि फोन खणखणला.

मी ताडकन उठले. रिसीव्हर मी उचलला, पण माझ्या कानाशी धरला तो अल्दियारने.

"दहा अडतीसचा आकडाही आला," अधिकारी म्हणाला. "म्हटलं, तू काळजी करत बसली असशील, म्हणून सांगितलं. सगळं ठीक आहे."